त्या गाडीत माणूस आहे का?

आमच्या फोपनारचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आलं ते १९६४ साली. त्या वर्षी इथे जमिनीतून धातूच्या सात बुद्धमूर्ती निघाल्या. वाकाटकांच्या काळाच्या आसपासच्या, म्हणजे जवळजवळ पंधराशे वर्षांपूर्वीच्या. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. बाहेरगावचा कोणी शिकलेला पाहुणा आला की हा विषय निघतोच, आणि मूर्ती इथेच का नाही ठेवल्या यावर ओट्यावर अर्धा तास सहज जातो. जमिनीतून निघतो तो इतिहास, असं आमच्याकडे पक्कं ठरलेलं आहे. माळ्यावरून निघतं ते भंगार.

बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता, पण हे मला कधी पटलं नाही. माळ्यावरून भंगारात गेलेल्या एका वस्तूबद्दल मला लिहायचं आहे. ती होती एक लाल गाडी, बोटाच्या पेराएवढी, आणि ती टीव्हीच्या काचेमागे धावायची. तिच्या खेळाचं नाव रोड फायटर. ज्यांची मुलं २००० सालाच्या आगेमागे लहान होती, त्या बायकांना नाव आठवणार नाही कदाचित. पण दुपारी डोळा लागता लागता बैठकीतून येणारा तो घूंऽऽ आवाज आणि मग धडाम्, हे नक्की आठवेल.

आमच्याकडे हा व्हिडिओ गेम १९९९च्या दिवाळीनंतर आला. दिरांनी बऱ्हाणपूरहून आणला. एक हलका प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलं होतं की आत ९९,९९,९९९ खेळ आहेत. मुलांनी दोन दिवसांत शोध लावला की खरे खेळ वीस-पंचवीसच, बाकी तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून. व्यापाऱ्याच्या घरातली मुलं, मोजून घेणारच.

पहिल्या संध्याकाळी आमची जेवणं नेहमीप्रमाणे दिवस मावळायच्या आत आटोपली होती आणि सासूबाई सामायिक करून बैठकीत आल्या. त्यांना आम्ही बाई म्हणायचो. पडद्यावर गवतातून बदकं उडत होती, माझा मोठा मुलगा नारिंगी बंदुकीनं ती पाडत होता आणि एक कुत्रं पडलेली बदकं उचलून दाखवत होतं. बाई दारात थबकल्या. त्यांनी रागावून बंद करायला लावलं नाही. खाली बसल्या आणि उज्जैनच्या राजा यशोधराची गोष्ट सांगायला लागल्या.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी ती लहानपणी ऐकलेली असेल. राजाला वाईट स्वप्न पडतं, आई चंद्रमती म्हणते देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नसतो. मग तोड निघते, पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. जीव नाही, रक्त नाही, पीठच ते. पण कापताना मनात मारण्याचा भाव होता, एवढ्यावरून मायलेकांना जन्मामागून जन्म पशुयोनीत काढावे लागले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात यावर 'यशस्तिलक' हा मोठा ग्रंथ लिहिला, आणि जुन्या मराठीतल्या जैन कवींनाही ही कथा सोडवली नाही. बाईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांना ती त्यांच्या आजीकडून मिळाली होती. गोष्ट संपवून त्या नातवाला म्हणाल्या, "तुझं बदक पिठाचंसुद्धा नाही, उजेडाचं आहे. पण बोट तर तुझं आहे ना?"

मग एकेका खेळाची तपासणी झाली. दोन बंदूकवाले सैनिक असलेला काँट्रा बाद. बॉम्ब ठेवणारा बाद. मारिओवर मुलांनी खूप वकिली केली, पण तो कासवावर पाय देतो हे बाईंनी पाहिलं आणि तोही गेला. सर्कसवाल्यात सिंहाला आगीच्या कड्यातून उडी मारायला लावतात, म्हणून नको. शेवटी लाल गाडी आली. ती दुसऱ्या गाड्यांना चुकवत पळते, आपटली की फुटते. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "त्या गाडीत माणूस आहे का?"

मुलं म्हणाली, "दिसत नाही, आजी."

खरंच दिसत नाही. तो रस्ता आकाशातून पाहिल्यासारखा आहे, गाड्यांचे नुसते टप दिसतात. बाई म्हणाल्या, "मग खेळा. पण आपटू नका."

पुढे मी या खेळांबद्दल मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की फोपनारच्या बैठकीत विचारलेला हा प्रश्न अमेरिकेत १९७६ साली मोठ्यांदा विचारला गेला होता. एक्सिडी नावाच्या कंपनीनं त्या वर्षी डेथ रेस हा नाणं टाकून खेळायचा खेळ आणला. गाडी चालवायची आणि पळणाऱ्या आकृत्यांना चिरडायचं. चिरडली की किंकाळी ऐकू यायची आणि त्या जागी क्रूस उभा राहायचा. कंपनी म्हणाली, ती माणसं नाहीत, भुतं आहेत. पण पडद्यावरच्या त्या चार पांढऱ्या ठिपक्यांत लोकांना माणूसच दिसला. रस्ते-अपघातांवर काम करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेनं निषेध केला, वर्तमानपत्रांत आलं. व्हिडिओ गेममधल्या हिंसेवरून उठलेलं हे पहिलं मोठं वादळ, आणि ते बंदुकीच्या खेळावरून नाही, मोटारीच्या खेळावरून उठलं. बंदुकीला आपण भितो, स्टिअरिंगला भीत नाही. आमच्या इंदूर-इच्छापूर रस्त्याकाठी राहणाऱ्यांना मात्र स्टिअरिंगनं काय होतं ते सांगावं लागत नाही.

मोटारीचे खेळ त्याआधीचे. १९७४ साली जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी स्पीड रेस केला. वरून दिसणारा रस्ता, खाली सरकणाऱ्या गाड्या, हातात खरं स्टिअरिंग. चार वर्षांनी जगभर गाजलेला स्पेस इन्व्हेडर्स याच माणसाचा. आमच्या लाल गाडीचं गोत्र शोधायचं तर ते या स्पीड रेसपाशी जातं. १९७६चा अटारीचा नाईट ड्रायव्हर मला वाचूनच आवडला. त्या काळच्या यंत्राला रस्ता काढता येत नव्हता, म्हणून त्यांनी रात्र केली. पूर्ण काळा पडदा आणि रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खुंट तेवढे अंगावर येतात. खेळणाऱ्याची गाडी तर काचेवर चिकटवलेलं चित्र होतं. थोड्या सामानात भागवणं हे घर चालवणाऱ्या बाईला लगेच कळतं.

मग १९८२ साली नाम्को कंपनीचा पोल पोझिशन आला. त्यात रस्ता गाडीच्या मागून दिसू लागला आणि तो जपानमधल्या खऱ्या फुजी शर्यत-मार्गाचा होता. १९८६ साली सेगाचा आउटरन. हा बनवणाऱ्या यू सुझुकी यांनी युरोपात भाड्याची गाडी घेऊन प्रवास केला आणि तिथले रस्ते, समुद्रकिनारे खेळात आणले. गाणं आपण निवडायचं, वाट फुटली की डावीकडे जायचं की उजवीकडे तेही आपण ठरवायचं. सुझुकी याला शर्यतीचा खेळ म्हणतच नसत, गाडी चालवण्याचा खेळ म्हणत. लाल उघडी फेरारी, चालवणारा पुरुष आणि शेजारी सोनेरी केस उडवत बसलेली बाई. गाडी उलटली की दोघंही बाहेर फेकले जातात. सगळं तिच्यासमोर घडतं, पण स्टिअरिंगला तिचा हात कधी लागत नाही. मी हा खेळ फार उशिरा, भाच्याच्या संगणकावर पाहिला आणि पहिल्यांदा माझं लक्ष रस्त्याकडे गेलंच नाही. मला ती सीट ओळखीची वाटली.

आमचा रोड फायटर कोनामी कंपनीचा. ही कंपनी १९६९ साली ओसाकाजवळ सुरू झाली ती नाणं टाकून गाणी वाजवणारी यंत्रं भाड्यानं देणं आणि दुरुस्त करणं या धंद्यातून. १९८४ साली त्यांनी दुकानात ठेवायच्या यंत्रासाठी हा खेळ केला आणि पुढच्या वर्षी घरच्या टीव्हीवरच्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमसाठी. तैवान-चीनमध्ये त्या फॅमिकॉमच्या नकला झाल्या आणि त्या नकला खोक्यांत भरून आपल्या बाजारात आल्या. लिटल मास्टर, मीडिया ही नावं आठवतात ना? कॅसेटमधल्या खेळांचे पैसे मूळ कंपन्यांकडे जात नव्हते. अचौर्याच्या अतिचारांत 'तदाहृतादान' म्हणून एक आहे, चोरून आणलेला माल घेणं. पाठशाळेत आम्ही ते तोंडपाठ म्हणायचो. पण ते कॅसेटलाही लागू होतं, असं त्या काळी देशात कोणाच्या मनात आलं नसेल. बाईंचं सगळं लक्ष पहिल्या व्रतावर होतं.

दुकानातलं यंत्र आम्ही बायकांनी कधी पाहिलंच नाही. म्हणजे ते होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून मोठ्या गावांत, स्टँडाजवळ, टॉकीजशेजारी व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली. काळ्या काचेचं दार, आत अंधार आणि मुलगे. मुलीनं त्या दारासमोरून जाताना चाल वाढवायची, एवढाच तिचा त्या खेळाशी संबंध. पुढे कित्येक ठिकाणी खेळाच्या नावाखाली जुगाराची यंत्रं बसली. कर्नाटक आणि तमिळनाडूतली अशी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९५ साली एम. जे. सिवानी खटल्यात न्यायालयानं सांगितलं की असल्या पार्लरांना परवान्याच्या बंधनात ठेवायचा सरकारला अधिकार आहे. हे बरोबरच झालं. पण पार्लर आधीच बदनाम झालं होतं, आणि ज्या मुलींना मोटारीच्या खेळाचं स्टिअरिंग एकदा तरी धरावंसं वाटलं असेल त्यांच्यासाठी ते दार उघडलंच नाही. आमच्यापर्यंत खेळ आला तो नकली डब्यातून, घराच्या उंबऱ्याच्या आत. म्हणून त्या नकलेबद्दल मला फार कठोर होता येत नाही.

आता धाकट्या जाऊबद्दल सांगते, कारण हा खेळ खरा तिचा. ती १९९७ साली आमच्या घरात आली, विसाव्या वर्षी. पुरुष केळीच्या बागेत किंवा मंडीत, मुलं शाळेत, बाई दुपारच्या झोपेत. त्या तासाभरात ती टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून रोड फायटर खेळायची. कॅसेट लागली नाही तर काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा दचकून उभी राहिली. मी म्हटलं, "बस गं, माझ्यासाठी काय उठतेस." मग मीही शेजारी बसायला लागले, भाजी निवडत.

मुलं वेगानं खेळायची, म्हणून हरायची. या खेळाची गंमत वेगळीच आहे. एक बटण बेतानं चालवायचं, दुसऱ्यानं काटा ४००पर्यंत जातो. दुसऱ्या बहुतेक खेळांत घड्याळ पळतं, यात पेट्रोल संपतं. कोपऱ्यातला आकडा एकेक करून उतरत असतो आणि तो शून्यावर यायच्या आत टप्पा गाठायचा. आपटलात की गाडी पुन्हा मिळते, पण पेट्रोल कापलं जातं. हळू गेलात तरी वाटेतच संपतं. मधूनच एक रंगीबेरंगी गाडी येते, तिला स्पर्श केला की थोडं पेट्रोल मिळतं. पण ती नको तिथे येते, ट्रकच्या मागे नाही तर पूल अरुंद होतो तिथे. म्हणजे महिन्याच्या वीस तारखेनंतरचं स्वयंपाकघरच ते. धाकटी कधी अधाशीपणा करायची नाही. कुठली रंगीत गाडी सोडून द्यायची हे तिला कळायचं. निळ्या गाड्या ऐनवेळी आडव्या येतात, त्या कधी वळणार हे तिनं पाठ केलं होतं. तेलावरून गाडी घसरली तर अंगठ्याच्या एका दाबानं सावरायची. खूप वेळ न आपटता गेलं की रस्त्याच्या कडेनं एक उडता माणूस जातो आणि हजार गुण मिळतात. मुलं त्याला सुपरमॅन म्हणायची. तो खरा कोनामी कंपनीचा स्वतःचा वीर. धाकटीच्या दुपारी तो इतक्या वेळा यायचा की ती म्हणायची, "आला बघा, ताई, पाहुणा."

चौथा टप्पा तिनं एका पावसाळ्यात पार केला. आवाज बंदच होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, तिनं डबा बंद केला आणि चहा ठेवला. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगून करायचं काय?

तेव्हा वीज हा दुसरा शत्रू. २०००नंतरची ती तीन वर्षं मध्य प्रदेशातल्या कोणत्याही बाईला विचारा. दिवे कधी जातील आणि कधी येतील याचा नेम नव्हता, आणि या डब्यात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. तिसऱ्या टप्प्यावर दिवे गेले की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यांचं तर बोलूच नका. पडद्यावर लाल गाडी चारशेच्या वेगानं लोण्यासारख्या रस्त्यावरून जायची आणि बाहेर बऱ्हाणपूरला पोचेपर्यंत कंबर मोडायची. २००३ची निवडणूक बिजली-सडक-पानी या तीन शब्दांवर झाली आणि सरकार बदललं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला होता.

याच सुमारास घरात मारुती आली. धाकटीनं एकदाच, दिराला जेवायला वाढताना, मला शिकवाल का असं विचारलं. उत्तर आलं, "रस्ते बघ कसे आहेत. गाडीची वाट लागेल." उत्तरात खोटं काही नव्हतं. पुढे रस्ते झाले. तिनं परत विचारलं, तेव्हा उत्तर बदललं, "आता ट्रक फार भरधाव जातात." तेही खोटं नव्हतं. केळीचे, कापसाचे, कुठल्या कुठल्या प्रांतांचे ट्रक रात्रंदिवस त्या रस्त्यानं जातात. आधी रस्ता वाईट म्हणून नाही, मग रस्ता चांगला म्हणून नाही. घरातल्या कोणी तिला हिणवलं नाही, आवाज चढवला नाही. आमच्याकडे बायकांना कधी कोणी नाही म्हणतच नाही, कारण सांगतात.

२०१६मध्ये तिची मुलगी कॉलेजात गेली. तिनं हट्टानं आईचं शिकाऊ लायसन्स काढून आणलं. त्याची मुदत सहा महिने. पहिला महिना लग्नसराईत गेला. मग चातुर्मास लागला, घरी येणंजाणं वाढलं, मग पर्युषण, मग बाईंचं आजारपण. त्या आजारपणात धाकटी रात्ररात्र उशाशी बसली. एकदा अकरा वाजता बाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, घरातले दोन्ही पुरुष बाहेरगावी, गाडी दारात उभी, आणि आम्ही दोघी तासभर गल्लीतल्या एका मुलाची वाट पाहत बसलो. तो आला, आम्ही वेळेत पोचलो, पुढे बाई चार महिने होत्या. पण त्या तासात धाकटी ओसरीवरून गाडीकडे कशी पाहत होती ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिच्या लायसन्सचे तेव्हा बारा दिवस उरले होते. ती तारखेवर तारीख मोजत असायची, तो पेट्रोलचा आकडा मोजायची तसा. ते संपलं. तो कागद तिनं बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवला आहे.

मुलं तोवर केव्हाच पुढे गेली होती. सायबर कॅफेत रोड रॅश खेळायची. त्यात मोटारसायकलवाले एकमेकांना साखळीनं मारतात. बरं झालं, बाईंनी तो पाहिला नाही. डबा माळ्यावर गेला, दोन्ही रिमोटच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या आणि घर रंगवायला काढलं तेव्हा जुन्या पितळी स्टोव्हबरोबर तो भंगारवाल्याकडे गेला. अमेरिकेत रोचेस्टर शहरात खेळण्यांचं आणि खेळांचं मोठं संग्रहालय आहे. २०१५पासून तिथे जुन्या व्हिडिओ गेमना रीतसर मान दिला जातो, कोणी बनवला, कधी आला, कसा पसरला याची नोंद ठेवली जाते. पण कोण खेळलं याची नोंद कशी ठेवणार? आवाज बंद करून खेळलेल्या खेळाचा काही पुरावा मागे उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका लग्नानिमित्त पुण्याला गेलो होतो. भाचेमंडळी आम्हाला मॉलमध्ये घेऊन गेली. वरच्या मजल्यावर खेळांची यंत्रं होती, त्यात मोटारीचंही होतं. खरी सीट, खरं स्टिअरिंग, पायाशी दोन पेडल. मुलांनी धाकटीला आग्रह केला. तिनं पदर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि बसली. स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं तशी आधी हसली, मग तोंड मिटलं. पहिल्या वळणाला भिंतीवर गेली. दुसरं जमलं. तिसरं इतकं सफाईनं घेतलं की मागे उभा असलेला एक मुलगा वाह म्हणाला. ती मात्र पडद्याच्या कोपऱ्यांत काहीतरी शोधत होती.

"अरे, पेट्रोल कुठे दिसतं यात?" तिनं विचारलं.

कार्ड घासून देणारा पोरगा म्हणाला, "काकू, यात पेट्रोल नसतं. टाइम संपतो."

तिनं पायाखालचं पेडल तळापर्यंत दाबलं.